ब-१ म्हणजे किती टक्के?

निकालाच्या दिवशी वसई तालुक्यातल्या शाळेच्या व्हरांड्यात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. अर्नाळ्याची कोळीण असो, वालीवच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट शाळेत आलेला बाप असो, की गिरीजच्या वाडीतले आजोबा असोत, प्रगतिपुस्तक हातात पडलं की नजर भराभर खाली सरकते, श्रेणीवर अडते आणि मग, "बाई, ब-१ म्हणजे किती टक्के?" त्याच्या पाठोपाठ आणखी दोन प्रश्न येतातच. "वर्गात पहिला कोण आला?" आणि आवाज जरा खाली आणून, "आता नापास करतच नाही ना तुम्ही? मग पोरगं अभ्यास कशाला करेल?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर तर दोन आकड्यांत संपतं: ७१ ते ८०. पण हे उत्तर ऐकून कोणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही. कारण विचारणाऱ्याला आत वेगळंच काही जाणून घ्यायचं असतं. माझ्या मुलाला काय येतं, काय येत नाही आणि आता घरी काय करायचं? श्रेणी यातलं काहीच सांगत नाही. आणि "आमच्या वेळी बरं होतं, सरळ टक्के कळायचे" असं म्हणणाऱ्यांना सांगायला हवं की टक्केही सांगत नव्हते.

१. मोजायचं कशासाठी?

वसईच्या पश्चिम पट्ट्यात इमारतींच्या मधूनमधून अजून केळी आणि पानवेली तग धरून आहेत. वाडीवाला सकाळी पानवेलीच्या बुंध्याशी वाकतो. माती ओली आहे का, पान कडेने पिवळं का पडतंय, वेल आधार सोडून लोंबतोय का, हे बघतो आणि तिथल्या तिथे पाणी, खत, दोरी यांची सोय लावतो. तीच पानं बाजारात गेली की दुसरी तपासणी होते. व्यापारी पानं मोजतो, प्रत लावतो, भाव सांगतो. एक तपासणी वेलासाठी, दुसरी गिऱ्हाइकासाठी. दोन्ही लागतात. पण व्यापाऱ्याने लावलेल्या प्रतीवरून वेलाला उद्या पाणी किती द्यायचं ते कळत नाही.

शाळेतल्या या दोन तपासण्यांना १९६७ साली मायकेल स्क्रिव्हन या अमेरिकेतल्या अभ्यासकाने वेगवेगळी नावं दिली. मराठी शाळांत ती आकारिक मूल्यमापन आणि संकलित मूल्यमापन म्हणून आली. शिकणं चालू असताना, पुढचं शिकवणं ठरवण्यासाठी केलेली तपासणी आकारिक. एक टप्पा संपल्यावर, किती झालं ते नोंदवण्यासाठी केलेली तपासणी संकलित.

संकलितच्या पोटातही दोन वेगळी कामं दडलेली असतात. एक, ठरलेली गोष्ट येते की नाही हे सांगणं. दुसरं, निवड करणं. वर्गातल्या तीसच्या तीस मुलांना चाळीसपैकी पस्तीस मिळाले, तर पहिल्या कामासाठी ही आनंदाची बातमी आहे. निवडीसाठी मात्र असा पेपर कुचकामी, कारण त्यातून कोणीच पुढेमागे होत नाही. शिष्यवृत्ती परीक्षा ही निवडीची परीक्षा. तिथे मुलं एकमेकांपासून लांब पडावीत अशाच बेताने प्रश्न काढावे लागतात. "पहिला कोण आला?" हा प्रश्न तिथे शोभतो. चौथीच्या घटक चाचणीत तो विचारण्यात अर्थ नाही. सगळा वर्ग कच्चा असेल तर पहिली आलेली मुलगीही कच्चीच असते आणि तिच्या घरी मात्र पेढे वाटले जातात.

माझ्यापुरतं मी एक ठरवून टाकलं आहे. कोणतीही तपासणी करण्याआधी विचारायचं: तिच्या उत्तरावरून कोण, काय वेगळं करणार आहे? उत्तर सापडत नसेल तर तो वेळ शिकवण्यात घालवावा.

२. दहापैकी तीन

आता एक छोटं उदाहरण करून पाहू. तिसरीच्या वर्गाला वजाबाकीची दहा गणितं दिली. तीन बिनहातच्याची, सात हातच्याची. तीन मुलांना दहापैकी तीन मिळाले. निकालपत्रकात तिघांच्या नावापुढे एकच आकडा.

पहिल्या मुलाची वही उघडा. बिनहातच्याची तिन्ही बरोबर आहेत. पुढे ५२ − २७ = ३५, ८१ − ४६ = ४५, ६० − ३८ = ३८. उत्तरं चुकली आहेत, पण मन मानेल तशी चुकलेली नाहीत. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. एकातून सहा जात नाहीत, म्हणून सहातून एक. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, हा त्याने स्वतः बनवलेला नियम आहे आणि तो त्याने सातही गणितांत इमानेइतबारे पाळला आहे. त्याला एकच गोष्ट कळलेली नाही: दशकाचा गठ्ठा सुटा करता येतो. काड्यांचे गठ्ठे आणि रबरबँड घेऊन बसलं तर थोड्या दिवसांत सुटेल असा गुंता आहे.

दुसऱ्या मुलीने ५२ − २७ = २४ लिहिलंय, ८१ − ४६ = ३६, ६० − ३८ = २१. हिला हातचा येतो. गठ्ठा सुटा करून झाल्यावर बारातून सात काढताना बोटं मोजण्यात एकाची गडबड होते. बिनहातच्याच्या एका गणितातही तीच गडबड आहे. हिच्यासमोर गठ्ठे ठेवून उपयोग नाही. हिला वीसच्या आतली वजाबाकी तोंडपाठ व्हायला हवी.

तिसऱ्याने तीनच गणितं सोडवली आणि तिन्ही बरोबर. बाकीची सात कोरी. त्याला येत नव्हती, वेळ पुरला नाही, की चुकण्याची भीती वाटली? कागदावरून कळणार नाही. त्याला जवळ बोलावून, "हे मला मोठ्याने बोलत करून दाखव," एवढंच म्हणायला हवं.

तीन मुलं, तीन वेगळी औषधं. 'तीन गुण' या नोंदीत तिन्ही पुसली गेली. तपासून झालेल्या वहीत सर्वांत मोलाची गोष्ट चुकीचं उत्तर असते आणि आपण तिच्यावर लाल फुली मारून पुढे जातो.

मुलाला समोर बसवून, बोलतं करून पाहण्याची ही रीत महाराष्ट्रातल्या पालकांनी 'असर'च्या रूपाने ऐकली असेल. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून ही पाहणी चालवली. त्यात स्वयंसेवक घरी जाऊन एकेका मुलाला विचारतो. वाचनाच्या कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. गुण दिले जात नाहीत; मूल कुठल्या पायरीवर उभं आहे एवढंच लिहिलं जातं. पायरी कळली की इयत्ता बाजूला ठेवून, त्या पायरीप्रमाणे मुलांचे गट करून शिकवता येतं. या पद्धतीचा कस लावून पाहणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो होते. दोघांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इतक्या गाजलेल्या कामाचं साधन म्हणजे दोन-चार कागद आणि समोर बसून ऐकून घेणारा माणूस.

३. एक शासन निर्णय आणि आठ साधनं

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला आणि त्याने शाळांना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करायला सांगितलं. महाराष्ट्राने त्यासाठी २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढला. वसई-विरारच्या कुठल्याही प्राथमिक शाळेत जा, भाताण्याच्या पाड्यावर किंवा आगाशीच्या बाजारात, प्रगतिपुस्तकाचा सांगाडा या निर्णयातूनच आलेला आहे.

त्यात आकारिक मूल्यमापनासाठी आठ साधनं दिली: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि शेवटी 'इतर'. लेखी चाचणी ही आठांतली एक. लहान वर्गांत रोजच्या तपासणीला जास्त वजन, मोठ्या वर्गांत सत्रअखेरच्या परीक्षेला जास्त. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०; तिसरी-चौथीला ६० आणि ४०; पाचवी-सहावीला निम्मं निम्मं; सातवी-आठवीला ४० आणि ६०. दोन्हींची बेरीज करून श्रेणी. ९१ पासून पुढे अ-१, मग ४१ पर्यंत दहा-दहाच्या टप्प्यांनी खाली.

विचार उत्तम होता, असं मला आजही वाटतं. खोट बेरजेत आहे. चौथीतल्या दोन मुली घ्या. एकीला आकारिकमध्ये ६० पैकी ४८ आणि संकलितमध्ये ४० पैकी २४. दुसरीला ४० आणि ३२. दोघींची बेरीज ७२, दोघी ब-१. पहिली वर्गात बोलते, प्रयोग करते, पण लेखी पेपरला बसली की अडखळते. दुसरी वर्गात तोंड उघडत नाही आणि पेपर व्यवस्थित लिहिते. पालकाला सांगण्यासारखं जे होतं ते बेरजेआधी होतं. म्हणून प्रगतिपुस्तक हातात आलं की श्रेणीच्या आधी हे दोन सुटे आकडे बघावेत, आणि त्याआधी वर्णनात्मक नोंदीचा रकाना. त्या रकान्याचं काय होतं ते पुढे येईलच.

४. काटा किती हलतो?

७० गुणांना ब-२, ७१ ला ब-१. एका गुणाने श्रेणी बदलते. मग तो एक गुण किती भरवशाचा?

१९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी एक साधा उद्योग केला. एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवली. इंग्रजीच्या पेपरला शिक्षकागणिक वेगळे गुण पडले, हे कोणी समजून घेईल. निबंध कोणाला आवडतो, कोणाला नाही. पण भूमितीच्या पेपरला? तिथेही शंभरपैकी तिसाच्या आतून नव्वदीच्या वरपर्यंत गुण आले. पायऱ्यांचे गुण द्यायचे की नाहीत, आकृती गचाळ असली तर कापायचे की नाहीत, हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं होतं. आज नमुना उत्तरपत्रिका, गुणदान योजना, नियामक ही सगळी यंत्रणा असते ती हा पसारा आवरायलाच. तरी तो पूर्ण आवरत नाही. एक-दोन गुणांचा फरक म्हणजे फरक नाही, असं समजून चालणं शहाणपणाचं.

काटा हलणं हा एक दोष. दुसरा जास्त खोल आहे: काटा हलत नाही, पण भलतीच वस्तू तोलतो.

चौथीच्या गणितात असा प्रश्न आहे असं समजा: 'एका विक्रेत्याकडे १४४ केळी होती. त्याने प्रत्येकी एक डझन याप्रमाणे ९ ग्राहकांना केळी विकली. तर उर्वरित केळी किती?' उत्तर सोपं आहे. नऊ डझन गेली, म्हणजे १०८, राहिली ३६. जिची आई रोज स्टेशनबाहेर केळी विकायला बसते ती मुलगी हा हिशोब बोट न हलवता करेल: बारा डझन होती, नऊ गेली, तीन उरली. तीच मुलगी पेपरात 'प्रत्येकी' आणि 'उर्वरित' यांपाशी अडून बसते. तिला शून्य मिळालं, तर ते गणिताचं शून्य की पुस्तकी मराठीचं?

वसई तालुक्यात हा प्रश्न रोजचा आहे. इथे घरात कादोडी बोलणारी मुलं आहेत, वाडवळी, आगरी आणि कोळी बोलणारी आहेत. पूर्वेच्या पाड्यांवर वारली आहे. नालासोपाऱ्याच्या चाळींत घरी भोजपुरी किंवा हिंदी आणि शाळा मराठी, अशी मुलं आहेत. प्रमाण मराठी शिकवायची नाही असं कोणी म्हणत नाही. मराठीच्या तासाला ती तपासावी आणि कसून तपासावी. गणिताच्या तासाला गणित तपासायचं असेल, तर प्रश्न वाचून दाखवावा, अडलेला शब्द सांगावा आणि उत्तर घरच्या बोलीत आलं तरी ऐकून घ्यावं. याला काही जण लाड म्हणतात. मला तो काटा शून्यावर आणण्याचा भाग वाटतो.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५ च्या सुमारास संशोधक रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांकडे गिऱ्हाईक बनून गेले होते. बाजारात विचारलेले हिशोब मुलांनी जवळजवळ सगळे बरोबर केले. तीच आकडेमोड नंतर कागदावर मांडून दिली तेव्हा निम्मीही बरोबर आली नाही. २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरही असंच काम प्रसिद्ध झालं, आणि त्यात उलट बाजूही दिसली: शाळेत जाणाऱ्या मुलांना कागदावरचं जमत होतं, बाजारातलं जमत नव्हतं. म्हणजे पेपरात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याची तपासणीही अर्धीच होत असते.

५. कोसबाडच्या टेकडीवर

गुणांशिवाय मूल्यमापन होऊ शकतं का, असं विचारलं की लोक फिनलंडचं नाव घेतात. विरारहून डहाणू लोकल पकडली तरी पुरे.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारली पाडे. आज घराघरात माहीत असलेल्या अंगणवाडीची मुळं या कामात आहेत. दोघींच्या विचारामागे मारिया माँटेसरी होत्या, आणि भावनगरचे गिजुभाई बधेका. ताराबाईंनी गिजुभाईंबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला होता.

माँटेसरींच्या साधनांत एक खुबी आहे. लाकडी ठोकळ्यात वेगवेगळ्या जाडीचे दट्टे आणि त्यांची भोकं. जाड दट्ट्या बारीक भोकात जातच नाही. बारीक दट्ट्या जाड भोकात गेला, तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि त्याला जागा नसते. चूक झाली हे मुलाला साधनच सांगतं. बाईंना 'चूक' म्हणावं लागत नाही. मूल परत सगळे काढतं आणि लावतं. बाईंनी करायचं ते एवढंच, की ते कितव्यांदा लावतंय, कुठे थांबतंय, कंटाळतंय का, हे बघून लिहून ठेवायचं. आठ साधनांच्या यादीत पहिलं आलेलं 'दैनंदिन निरीक्षण' ते हेच.

कोसबाडला साधनं महागडी नव्हती. शंख, शिंपले, बिया, पानं चालत. मला त्याहून मोठी वाटते ती कुरणशाळा. मुलं सकाळी गुरं घेऊन रानात जात, म्हणून शाळेत येत नसत. हजेरीपटावर त्यांच्यापुढे गैरहजेरीच लागली असती. या बायांनी शाळा कुरणात नेली. मुलं का येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी मुलांच्या खात्यावर न टाकता शाळेच्या खात्यावर टाकला, असा मी त्याचा अर्थ लावतो. चाचणीत अर्धा वर्ग एकाच गणितात चुकला की शिक्षकाने तोच हिशोब करावा. तो पेपर मुलांचा राहत नाही, आपला होतो.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. कोसबाडची पद्धत मात्र चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात जशीच्या तशी उचलून आणता येत नाही, हेही मान्य करायला हवं. तिथे बघायला वेळ होता. इथे एका तासाला पस्तीस मिनिटं.

६. शेरा

मग त्या पस्तीस मिनिटांत काय साधेल? वहीवर लिहिलेली एक ओळ.

१९८८ मध्ये इस्राएलमधल्या रूथ बटलर यांनी मुलांचे तीन गट केले. एका गटाला कामावर फक्त गुण, दुसऱ्याला फक्त शेरा, तिसऱ्याला गुण आणि शेरा दोन्ही. पुढच्या कामात फक्त शेरा मिळालेली मुलं सुधारली. फक्त गुणवाली सुधारली नाहीत, यात नवल नाही. नवल हे की दोन्ही मिळालेली मुलंही सुधारली नाहीत. पेपर परत मिळाल्यावर मुलं काय करतात ते आठवा. आकडा बघायचा, शेजाऱ्याचा बघायचा, पेपर दप्तरात. शेरा वाचतं कोण?

अर्थात शेरा वाचण्यासारखा हवा. 'छान', 'प्रयत्न कर', 'अक्षर सुधार' यांवरून मुलाने उद्या काय करावं ते कळत नाही. त्यापेक्षा, 'गोष्टीची सुरुवात वाचून पुढे काय झालं असेल असं वाटलं. शेवट दोन ओळींत गुंडाळलास. बोट उलटल्यावर आजोबा काय म्हणाले ते लिही.' यात काय जमलं, काय राहिलं आणि पुढचं पाऊल कुठलं, या तिन्ही गोष्टी आहेत. चाळीस वह्यांवर रोज असं लिहिता येत नाही. मी रोज पाच-सहाच वह्यांवर लिहितो आणि बाकीच्यांवर तारीख टाकतो. आठवड्या-दीड आठवड्यात सगळ्यांची पाळी येते. शेऱ्याप्रमाणे केलेली दुरुस्ती पाहिल्याशिवाय नवा शेरा लिहीत नाही. हे शेवटचं पाळणं सर्वांत अवघड आहे.

प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदींचं काय झालं, ते शिक्षकांना ठाऊक आहे. योजना अशी होती की वर्षभर मुलाला बघून त्याच्याबद्दल लिहावं. व्यवहारात नोंदवह्या तपासणीच्या आधी भरल्या जाऊ लागल्या आणि विषयवार तयार नोंदींच्या पुस्तिका, मग मोबाइलवर फिरणाऱ्या फायली आल्या. 'परिसरातील घटकांची माहिती सांगतो.' 'कवितेचे तालासुरात गायन करतो.' तीच वाक्यं विरारच्या मुलाला आणि गडचिरोलीच्या मुलाला. यात शिक्षकाला झोडपण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच सांगून ठेवलं होतं की एखाद्या मापावर जितके जास्त निर्णय टांगाल, तितकं ते माप बिघडत जाईल. नोंद मुलासाठी लिहायची होती. ती अधिकाऱ्याला दाखवण्यासाठी लिहिली जाऊ लागली, तेव्हाच तिचा वाचक बदलला.

७. वीस गुणांची गोष्ट

मापावर निर्णय टांगले की ते बिघडतं, हे दहावीत किती मोठ्या प्रमाणावर होतं, ते राज्य मंडळाच्या तीन निकालांत दिसतं. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ मध्ये ७७.१०. २०२० मध्ये ९५.३०. एका वर्षात मुलं एवढी बिघडली आणि पुढच्या वर्षी एवढी सुधारली?

मधल्या वर्षी भाषांसह काही विषयांतले शाळेने द्यायचे अंतर्गत वीस गुण काढून टाकले होते. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ते परत आले. २०१९ ला अभ्यासक्रम आणि पेपरचं स्वरूपही नवं होतं, २०२० ला टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. तेव्हा सगळा चढउतार वीस गुणांच्या माथी मारता येणार नाही. पण साधा हिशोब करून बघा. उत्तीर्ण व्हायला शंभरपैकी ३५ लागतात. शाळेने २० पैकी १८ दिले, तर लेखीत ८० पैकी १७ मिळाले की भागलं, म्हणजे लेखीच्या साधारण २१ टक्के. अंतर्गत गुण नसतील तर लेखीतच ३५ टक्के हवेत.

तोंडी परीक्षा ही कल्पना म्हणून चांगलीच. मूल मराठीत नीट बोलू शकतं का, हे लेखी पेपरात कधीच कळणार नाही. पण ते गुण निकालाला जोडले गेले आणि निकालावर शाळेचं नाव टांगलं गेलं. मग जवळपास सगळ्यांना सतरा-अठराच्या वर. सगळ्यांना सारखेच गुण मिळाले की तो आकडा कोणाबद्दलच काही सांगत नाही.

२०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि सगळाच निकाल शाळांच्या हाती आला. सूत्र असं: नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या अंतर्गत लेखी कामाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०. नववीत ६० टक्के मिळवलेल्या मुलाचे ५० पैकी ३० झाले. वर्षभराच्या कामाचे २४, तोंडीचे १९ धरले तर बेरीज ७३. १६ जुलैला निकाल लागला: ९९.९५ टक्के. एवढ्या निकालावर अकरावीच्या जागा कशा वाटायच्या? सरकारने २१ ऑगस्टला एक ऐच्छिक प्रवेश परीक्षा ठरवली. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि प्रवेश दहावीच्या गुणांवरच झाले. वसई-विरारची मुलं तेव्हा मुंबई महानगराच्या ऑनलाइन प्रवेशातच येत होती, त्यामुळे त्या पावसाळ्यात इथल्या घराघरांत याच एका विषयाचा घोर होता.

शाळांनी मुलांना ओळखलं नव्हतं असं नाही. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बाईंना कोणाला काय येतं ते मंडळापेक्षा चांगलं माहीत असतं. पण ती ओळख आकड्यात बदलून तिच्यावर प्रवेश टांगला, की बाईंना आपल्याच मुलाविरुद्ध साक्ष द्यायला उभं केल्यासारखं होतं. रोजच्या तपासणीला निवडीच्या कामाला जुंपू नये, असं मला वाटतं ते यासाठी. निवड करायची असेल तर वेगळी, उघड परीक्षा घ्यावी आणि तिला निवडीचीच परीक्षा म्हणावं.

८. मग नापास करायचं की नाही?

२००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवायचं नाही असं म्हटलं होतं. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घ्यावी, नापास झालेल्यांची दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यावी, आणि त्यानंतरही नापास झाल्यास त्याच वर्गात ठेवायचं की नाही हे राज्याने ठरवावं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला अशी परीक्षा सुरू झाली. प्रत्येक विषयात ३५ टक्के हवेत.

पालकांना हे आवडलं. धाक राहील असं वाटलं. मी यात फक्त मधले दोन महिने बघतो. एप्रिलअखेर निकाल, जूनमध्ये फेरपरीक्षा. मध्ये मे. नालासोपाऱ्यातली निम्मी वस्ती गावाला जाते, कोणी जौनपूरला, कोणी कोकणात. पालघरच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची मुलं एप्रिलच्या परीक्षेलाच नसतात. या दोन महिन्यांत नापास झालेल्या मुलाला नेमकं काय, कोणी आणि कुठे शिकवायचं, हे लिहून ठेवलेलं असेल तर फेरपरीक्षेला अर्थ आहे. नाहीतर तोच पेपर दोनदा सोडवल्याने दुसऱ्यांदा तो जास्त येईल, अशी आशा धरून बसायचं.

त्याच वर्गात ठेवलं तरी अडचण संपत नाही. गणितात नापास झालेल्या पाचवीच्या मुलाची वही उघडली, तर पुष्कळदा आत हातच्याची वजाबाकीच सापडते. ती दुसरी-तिसरीतली. पाचवीचं पुस्तक ती येते असं धरून पुढे निघालेलं असतं, आणि पुन्हा पाचवीत बसवलेल्या मुलाच्या हातात तेच पुस्तक पडतं, पहिल्या पानापासून.